पिठ्ठूचा मालक

चोर बाजारातली मटण स्ट्रीट. शुक्रवारी दुकानं बंद असतात, पण सकाळी रस्त्यावरच पथाऱ्या पसरतात. ग्रामोफोनचा कर्णा, जहाजाचा दिवा, एकाच पायाचा बूट, आणि त्या सगळ्याखाली दबलेला हा पिठ्ठू, म्हणजे पाठीवर बांधायची फौजी पिशवी. पथारीवाला म्हणाला, "फौजी का है, साब. लडाई से लाया था." ४०० सांगितले, २५० ला दिला.

जाड सुती कापड, पितळी बकलं. ब्रिटिश फौजेच्या पट्टे-पिशव्यांच्या १९३७ पॅटर्न संचातला हा मोठा पिठ्ठू. खरं तर १९०८ चाच, नव्या संचात तसाच ठेवून दिलेला. यात ओव्हरकोट वगैरे भरायचे. प्रत्यक्ष लढाईत जवानाच्या अंगावर असायची ती छोटी हॅवरसॅक. हा मागे गाडीत. गोळ्यांच्या वर्षावातून आलेला पिठ्ठू वगैरे माझं स्वप्न तिथेच बसलं.

झाकणाच्या आत काळ्या शाईने नंबर आहे. शेवटचे दोन आकडे झिजलेत. हा मराठा पलटणीतलाच कुणीतरी, असं मी उगाचच ठरवून टाकलं होतं. मग नंबर घेऊन कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत शोधायला बसलो. त्यात दोन महायुद्धांतले कॉमनवेल्थ फौजांचे सुमारे १७ लाख मृत आहेत. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे तिथे लगेच सापडतात: इटली, १० जुलै १९४४, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. कबर नाही, नाव इटलीतल्याच कॅसिनो गावच्या स्मारकावर.

दोन आकड्यांच्या जागी काय काय घालून पाहिलं. पण ही यादी गेलेल्यांची. माझा माणूस घरी परतला असेल, तर तो इथे मिळणारच नाही. प्रत्येक वेळी 'शोधा' दाबताना वाटायचं, सापडावा. आणि लगेच वाटायचं, नको.

महिनाभर मी नंबरच बघत बसलो. शिक्का नीट पाहिलाच नाही.

हा बघा. तीन रेघांचा बाण, म्हणजे सरकारी मालमत्ता. खाली इंग्रजी 'आय', म्हणजे हिंदुस्थानात बनलेला. आणि समोरून, टोकाला टोक लावून, दुसरा बाण. सरकारने माल विकून टाकला की हा उलटा बाण मारायचे.

म्हणजे कुणी जवानाने हा लढाईवरून घरी आणलेला नाही. त्याच्याकडून तो जमा झाला आणि सरकारने विकला. ज्याला शोधत होतो, त्याच्या मालकीचा हा कधी नव्हताच.

मग विकत घेतला कुणी?

तळाशी लाल ऑइलपेंटने लिहिलंय, 'सा. खा.', आणि पुढे एक आकडा. मला ती लष्करी खूण वाटलेली. लालबागच्या एका चाळीत निवृत्त गिरणी कामगार आजोबांना दाखवली. ते हसतच सुटले.

"अरे, साचेखातं! गिरणीतलं मागांचं खातं. हा कामगाराचा तिकीट नंबर. कुणीतरी डबा न्यायचा यातून."

कुठल्या गिरणीचं साचेखातं, ते लिहिलेलं नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. आता विचारायला जावं असं गेटही उरलेलं नाही.

आजोबांनी पिठ्ठू उलटा केला, शिवण चाचपली, कोपऱ्यातून राखाडी कापूस काढला. पट्टे एकेक करून उजेडात धरले.

"केवढ्याला घेतलास?"

"अडीचशे."

"फसलास. हे डावीकडचं बकल लोखंडी आहे. वर पितळी रंग मारलाय."