पाठीतली नळी

कोल्हापुरातल्या राजारामपुरीतलं प्रसूतिगृह. गारगोटीकडची ही पहिलटकरीण पहाटे दाखल झाली. पिशवीचं तोंड ४ सेंटिमीटर उघडलंय. बाहेर बाकावर आई आणि सासूबाई, दोघींचं म्हणणं एकच : "आम्ही सोसलंच की. जरा कळ काढ, बाळ."

पण हिनं आठव्या महिन्यातच एपिड्युरलचं, म्हणजे पाठीतल्या नळीतून कळा कमी करणारं औषध घेण्याचं, विचारून ठेवलं होतं.

आता नीट बघा. कॉटच्या कडेला, उशी कवटाळून, हनुवटी छातीला टेकवून ती बसलीय. पाठीला जितका बाक, तितकी मणक्यांमधली फट मोकळी. भूलतज्ज्ञ मॅडम बोटांनी मणके चाचपतात, आधी कातडी बधिर करतात. कळ आली की हात थांबतो. ओसरली की सुई पुढे सरकते. सिरिंजचा दट्ट्या एकदम सैल पडला, म्हणजे जागा सापडली. मग सुईतून ही शेवईएवढी बारीक नळी आत जाते आणि सुई बाहेर येते. पूर्ण बाहेर. पाठीत राहते ती फक्त नळी, आणि बाळंतपण झालं की तीही काढतात. हे मुद्दाम दाखवतोय, कारण "सुई पाठीतच ठेवतात, कंबर जन्माची जाते" असं बायकांना सर्रास सांगितलं जातं. कायमच्या पाठदुखीला अभ्यासांत आधार मिळालेला नाही. नळीतून औषध गेलं, की १५-२० मिनिटांत कळांची धार उतरते.

बाळंतपणात वेदना कमी करणं हे काही आजचं खूळ नाही. १८४७ साली एडिनबरात डॉ. जेम्स सिम्प्सन यांनी बाळंतिणींना आधी ईथर, मग क्लोरोफॉर्म ही भुलीची औषधं दिली. १८५३ मध्ये खुद्द राणी व्हिक्टोरियानं आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतलं.

एपिड्युरलशिवाय दुसरेही उपाय आहेत. हा मास्क एन्टोनॉक्सचा : निम्मा नायट्रस ऑक्साइड, निम्मा ऑक्सिजन. बाईनं तो स्वतःच धरायचा आणि कळ चढायला लागताच श्वास ओढायचा. वेदना थोडी बोथट होते, एवढंच. ट्रामाडॉल या वेदनाशामकाचं इंजेक्शन स्वस्त. पण गुंगी, मळमळ येते, बाळही सुस्त जन्मू शकतं. कंबर चोळायला जवळचं माणूस आत हवं, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

एपिड्युरलनं रक्तदाब उतरू शकतो, पाय जड होतात, जोर लावायचा टप्पा लांबतो, कधी बाळ बाहेर काढायला चिमटा लावावा लागतो. सिझर मात्र त्यामुळे वाढत नाहीत.

नाव नोंदवतानाच विचारा : भूलतज्ज्ञ रात्री येतात का? खर्च किती? पॅकेजात धरलाय, की वेगळा?