मुंडीपासून कवटीपर्यंत

(नागपुरात शालेय विज्ञान शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

शिक्षक मित्रहो आणि मैत्रिणींनो,

या टेबलावर दोन कवट्या आहेत. दोन्ही बोकडाच्या, दोन्ही मीच साफ केलेल्या. ही पहिली बघा. पांढरीफटक आहे, पण बोट फिरवलं की खडूसारखी भुकटी निघते. नाकाचं हाड निखळलंय, पुढचे दात नाहीत. दुसरी साईच्या रंगाची, वजनाला भरीव, दात सगळे जागच्या जागी. पहिली मी एका रविवारी दुपारी उरकली होती. दुसरीला दोन महिने लागले. आज बोलायचंय ते या दोन महिन्यांबद्दल.

कार्यक्रमाचं कळल्यावर एका शिक्षकांचा फोन आला. त्यांच्या गावाजवळच्या जंगलात चितळाची कवटी पडलेली दिसली होती, शिंगांसकट. "सर, उचलून आणू का? शाळेत ठेवतो." मी म्हटलं, हात लावू नका, वनरक्षकाला कळवा. १९२६ हा वनविभागाचा हेल्पलाइन नंबर आहे, त्यावरही सांगता येतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं चितळाची शिकार गुन्हा आहेच. पण मेलेलं सापडलेलं चितळ, त्याची कवटी, शिंग हेही सरकारच्या मालकीचं असतं. हेतू शाळेचा असला तरी घरी आणता येत नाही. अमेरिकेत परवाना काढून हरणाची शिकार करतात आणि कवटी घरी साफ करून भिंतीवर लावतात. तिथले शिकारी या कामात तरबेज असतात, आणि मी सांगणार आहे त्यातलं बरंच त्यांच्याही पद्धतीत आहे. मात्र हरीण त्यांच्याकडचं, कायदाही त्यांच्याकडचा.

गळून पडलेल्या शिंगाबद्दल मला जास्त कळकळ वाटते. चितळाचं शिंग म्हणजे निव्वळ हाड. दर वर्षी गळतं, दर वर्षी नवं फुटतं, आणि वाढत असताना त्यावर मखमलीसारखी, रक्तवाहिन्यांनी भरलेली कातडी असते. गळालेलं शिंग सायाळ कुरतडते, उंदीर कुरतडतात, हरणंही हाडं चघळताना दिसतात. त्यांना त्यातून कॅल्शियम आणि फॉस्फरस मिळतं. ते शिंग आपण दिवाणखान्यात आणलं, तर जंगलातल्या कुणाचं तरी खाणं आणलं.

मग शाळेसाठी कवटी आणायची कुठून? मटणाच्या दुकानातून. नागपूरकराला मुंडी काय ते सांगायला नको, आपल्या सावजी भोजनालयांत ती चवीनं खातात. फक्त दुकानदाराला आधी सांगावं लागतं. त्याचा हात सवयीनं चालतो: मुंडी आचेवर भाजायची, केस जाळायचे आणि भेज्यासाठी मधोमध फोडायची. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तोंड उघडेपर्यंत सत्तूर खाली आला होता. आता आधीच सांगतो, "भाऊ, भाजू नका, फोडू नका, फक्त सोलून द्या." ते हसून विचारतात, "सर, अख्खी मुंडी शिजवता का?" कशासाठी पाहिजे ते सांगितलं, की पुढच्या वेळी स्वतःहून चांगली शिंगं असलेली मुंडी बाजूला काढून ठेवतात.

शेतात, रानात आपोआप मेलेल्या गुराची कवटी मात्र घेऊ नका. काळपुळीनं (अँथ्रॅक्सनं) मेलेलं जनावर असेल, तर तिचे बीजाणू वर्षानुवर्षं जिवंत राहतात. दुकानातली ताजी मुंडी हातमोजे घालून हाताळा, आणि स्वयंपाकघरातली सुरी तिला लावू नका.

आता उकळण्याबद्दल. घाईत सगळे हेच करतात, मीही केलं. दुकानात येणारा बोकड बहुतेक कोवळा असतो, अदंत (सगळे दुधाचेच दात असलेला) नाहीतर दोनदाती (कायमचे दोन दात आलेला). त्याच्या कवटीतले सांधे अजून पक्के जुळलेले नसतात. खळखळ उकळलं की सांधे उकलतात, दात सुटतात, आणि चरबी वितळून हाडात आतवर मुरते. त्या दिवशी कवटी स्वच्छ दिसते, पण महिन्याभरात पिवळे तेलकट डाग वर येतात. आणि सगळ्यात मोठं नुकसान नाकात होतं.

नाकाच्या पोकळीत टॉर्च मारून बघा. सुरळीच्या वडीसारखी गुंडाळलेली, कागदाइतकी पातळ हाडं दिसतील. जिवंतपणी त्यांच्यावर ओलसर त्वचा असते. आत येणारी कोरडी, उन्हाळी हवा त्या वळणांतून जाताना ओली होते, आणि बाहेर जाणाऱ्या श्वासातलं थोडं पाणी तिथेच परत मिळतं. कूलरला वाळ्याच्या ताट्या कशासाठी असतात हे नागपूरच्या पोराला शिकवावं लागत नाही. त्याला या सुरळ्या दाखवा, तो स्वतःच सांगेल. माझ्या पहिल्या कवटीत त्या राहिल्याच नाहीत. उकळताना तुकडे होऊन पाण्याबरोबर गेल्या.

म्हणून साधं पाणी. कातडी, डोळे, जीभ, जबड्यावरचं मोठं मांस छोट्या सुरीनं काढा, पण हाड खरवडू नका. चरा पडला की तो कायमचा. मागच्या बाजूला, जिथे मान जोडलेली असते, तिथे मोठं भोक आहे. त्यातून वाकवलेली तार फिरवून आणि नळाची धार सोडून भेजा बाहेर काढा. मग झाकणाच्या प्लास्टिक बादलीत कवटी पूर्ण बुडेल एवढं पाणी. मीठ नको, साबण नको. पहिले दोन-तीन दिवस लाल पाणी बदलत राहा. नंतर बदलणं थांबवा. आता काम जिवाणूंचं आहे. उरलेलं मांस ते खातात आणि त्यांना ऊब लागते. परदेशात लोक यासाठी पाण्यात हीटर सोडतात. आपल्या मे महिन्यात गच्चीच्या सावलीतली बादली आपोआप तेवढी कोमट राहते. साधारण दोन आठवड्यांत हाड मोकळं होतं, डिसेंबरात महिना सहज जातो. वास येतो, जबरदस्त येतो. बादली शेजाऱ्यांच्या खिडकीपासून लांब ठेवा आणि त्यांना आधी कल्पना द्या.

चार-आठ दिवसांत शिंग हातानं हलकं पिळून बघा. सैल झालं की टोपीसारखं निघतं आणि आतून हाडाचा सुळका दिसतो. इथे वर्गातला अर्धा तास लागू द्या. बोकडाचं शिंग म्हणजे हाडावर चढलेलं केराटिनचं टोपण, आपल्या नखाच्याच जातीचं. ते दर वर्षी गळत नाही. चितळाचं आख्खं शिंगच हाड. मराठीत दोन्हींना आपण शिंगच म्हणतो, त्यामुळे हा फरक मुलांच्या ध्यानात येत नाही. कवटी हातात असली की एका क्षणात येतो.

पाणी ओतताना चाळणीत दुहेरी मलमल घाला. हे मी कितीही वेळा सांगेन. मांस सुटलं की पुढचे दातही सुटतात. माझ्या पहिल्या कवटीचे पुढचे दात मोरीतून गेले, आणि दातच गेल्यावर जनावराचं वय कशावरून सांगणार? अदंत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेलं: बाजारातला शेतकरी खालचा ओठ ओढून बघतो ते हेच. दुधाचे दात पडून कायमच्या दातांची एकेक जोडी येते, साधारण वर्षाला एक. आठही दात खालच्याच जबड्यात. वरच्या जबड्यात पुढे दातच नसतात, तिथे कडक हिरडीची गादी असते. बकरी पाला ओरबाडते तो या गादीवर दाबून.

हाड मोकळं झालं की चरबी काढायची. भांड्याचं लिक्विड, कोमट पाणी, दर दोन-तीन दिवसांनी बदल. वर तेलाचा तवंग यायचा थांबेपर्यंत, म्हणजे दोन-चार आठवडे. ही पायरी गाळली तर पुढचा पांढरेपणा टिकत नाही.

पांढरं करण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधाच्या दुकानात २० व्हॉल्यूमची बाटली मिळते, म्हणजे सुमारे ६ टक्के. त्यात तेवढंच पाणी घातलं की ३ टक्के होतं आणि ते पुरतं. प्लास्टिकच्या डब्यात, हातमोजे आणि चष्मा घालून, एक ते दोन दिवस. झाकण कधीही घट्ट लावू नका. त्यातून ऑक्सिजन सुटत असतो, डबा फुगून फुटू शकतो. शिंगाची टोपणं यात बुडवायची नाहीत, त्यांचा रंग उडतो.

ब्लीच नको. पेरॉक्साइड डागांचा रंग घालवतं. ब्लीच हाडाला धरून ठेवणाऱ्या कोलॅजेनवरच तुटून पडतं, आणि धुतल्यावरही आत उरलेलं आपलं काम करत राहतं. या पहिल्या कवटीची भुकटी निघते ती त्यामुळे. आणली तेव्हा ती दुसरीपेक्षा देखणी दिसत होती.

वाळवायची सावलीत, पंख्याखाली. आपल्या उन्हात ठेवलीत तर दात उभे तडकतात. वाळल्यावर सुटे दात फेविकॉलच्या थेंबानं ज्याच्या त्याच्या खाचेत बसवा, टोपणं सुळक्यांवर चढवा.

हे सगळं एवढ्या विस्तारानं सांगण्याचं कारण आहे. २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातलं विच्छेदन थांबवलं. निर्णय मला पटला होता, आजही पटतो. पण त्यानंतर महाविद्यालयात येणाऱ्या मुलांचा खऱ्या शरीराशी संबंध चित्रापुरता उरला. आपल्या नागपूरच्या अजब बंगल्यात १८६३ पासून संग्रहालय आहे, मुलांना तिथे जरूर न्या. पण तिथे मधे काच असते. दाढांवरच्या चंद्रकोरींसारख्या कडांवरून स्वतःचं बोट फिरवलं, की गवत दळलं कसं जातं ते बोटाला कळतं.

आता ही दुसरी कवटी पहिल्या रांगेपासून फिरू द्या. दोन्ही हातांनी धरा, शिंगांना धरून उचलू नका, टोपणं निघून येतात. टॉर्च सोबत देतो, नाकात जरूर बघा.