वाचता येतं, तरी वाचून दाखवा

श्रोतेहो, नमस्कार.

परीक्षा संपल्या, निकालाची धास्ती ओसरली. आता जूनपर्यंत ऊन बाहेर आणि मुलं घरात. पुण्यात एक ते चार दुकानंसुद्धा डोळा लावतात, पण आठ-नऊ वर्षांचं पोर काही झोपत नाही. अशा वेळी एखादं पुस्तक काढा आणि त्याला मोठ्यानं वाचून दाखवा, एवढंच मला आज सांगायचंय. "अहो, पण त्याला वाचता येतं की आता!" असं कुणी लगेच म्हणेल. वाचता येतं, म्हणूनच सांगतेय.

होतं काय, मूल दुसरी-तिसरीत गेलं, अक्षरं लावायला लागलं, की आईबाबांना वाटतं, सुटलो. तोवर मांडीवर घेऊन गोष्टी वाचलेल्या असतात, त्या बंद होतात. पण या वयात कान डोळ्यांच्या कितीतरी पुढे असतात. तिसरीतल्या मुलाला मोठ्या मुलांची गोष्ट वाचून दाखवा. ती त्याला छान कळते, हसायच्या जागी ते हसतं. तीच हातात दिली, तर पहिल्याच परिच्छेदात दमतं. हे अंतर भरून यायला साधारण सातवी-आठवी उजाडते. तोवर त्यानं काय फक्त मोठ्या टायपातल्या ससा-कासवावरच भागवायचं?

आपल्याकडे कोथरूडपासून हडपसरपर्यंत कितीतरी मुलं इंग्रजी माध्यमात आहेत. त्यांच्या बाबतीत हे अंतर आणखी मोठं. घरात मराठी घडाघडा बोलतात, आजीशी भांडतात तेही मराठीतच. पुस्तक उघडलं, की 'पायऱ्या'पाशी अडतात. 'पा', 'पाय'... आणि पुढे ती 'या'च्या आधी आडवी रेघ असलेली भानगड काय? बोट तिथंच थांबतं. पायऱ्या चढून होईतो वाक्य कुठून सुरू झालं होतं तेच विसरलेलं असतं. मग पुस्तक बाजूला आणि "मराठी बोअर आहे!" मला विचाराल तर त्याला मराठीचा कंटाळा नसतो, अडखळण्याचा असतो.

शिवाय आपली लिपी सगळंच सांगत नाही. चहातला च आणि चाकातला च, जन्मातला ज आणि जाळ्यातला ज कागदावर सारखेच, तोंडात मात्र वेगळे. याचे नियम पाठ करून कुणी बोलायला शिकलेलं नाही. ते कानावरच पडावं लागतं.

आणि मोठ्यानं वाचणं आपल्याला नवं थोडंच आहे? चातुर्मासात घरोघर पोथी लागायची. एकानं वाचायची, बाकीच्यांनी ऐकायची. बायका वाती वळत ऐकायच्या, पोरं जमिनीवर लोळत ऐकायची. मधेच थांबवून "सांग पाहू, काय समजलं?" असं कुणी विचारत नसे. आपण नेमकं तेच करतो. गोष्ट संपायच्या आत तात्पर्य विचारतो, नवे शब्द वहीत लिहायला लावतो. सुट्टीतही शाळाच! कृपा करून हे करू नका. मूल ऐकताना ठोकळे रचत असेल, चित्र रंगवत असेल, पंख्याकडे बघत पडलं असेल, तर पडू द्या. वाचायचं थांबवलंत की लगेच "पुढे?" येतं. म्हणजे ऐकणं चालूच होतं.

वाचायला नाटकी आवाज लागत नाही. फक्त पान आधी एकदा नजरेखालून घाला आणि थोडं सावकाश वाचा. लांबलचक वर्णन आलं तर बेलाशक गाळा. पंधरा-वीस मिनिटं भरपूर झाली. मुलाला वाटलं तर त्यालाही एखादा परिच्छेद वाचू द्या. अडलं तर शब्द सांगायचा आणि पुढे जायचं, तिथं व्याख्यान नको.

काय वाचावं? बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ सालापासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. फास्टर फेणे तर आपला शेजारीच, फुरसुंगीचा. ग्रंथालयांची पुण्याला परंपराच आहे. नगर वाचन मंदिर १८४८ सालचं. आपल्या भागातलं ग्रंथालय शोधा, दोन महिन्यांची वर्गणी भरा, आणि पुस्तक मुलालाच निवडू द्या. त्यानं तेच पुस्तक चौथ्यांदा आणलं तर कुरकुर न करता चौथ्यांदा वाचा.

दोघंही नोकरीवर असाल तर रात्री वाचा. बाबांनी वाचलं तर उत्तमच. हे खातं नेहमी आईकडेच का असावं? आजोबा गावाला असतील तर ते फोनवरून वाचतील. आणि ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही, तिनं मुलाला म्हणावं, "मी भाजी निवडते, तू मला वाचून दाखव." खरंखुरं ऐकणारं माणूस समोर असलं, की मूल नीट वाचतं.

एक लबाडी मात्र जरूर करा. विहिरीत डोकावणाऱ्याचा पाय घसरला, की पुस्तक मिटायचं. "आता उद्या!" पोर चिडेल, चिडू द्या. पुस्तक मात्र कपाटात ठेवू नका, तिथंच पलंगावर राहू द्या आणि तुम्ही चहा टाकायला उठा.

नमस्कार.