आखाजीचा डाव

(निंबाला बांधलेला झोका. भर दुपार.)

वैशाख शुद्ध तृतीया. इतरांची अक्षय्य तृतीया, खान्देशाची आखाजी. इथे हा सण दिवाळीच्या तोडीचा. सासुरवाशिणी माहेरी आल्यात. भाऊ मुराळी होऊन त्यांना घ्यायला गेला होता. वर्षभर मान खाली घालून राबणारी पोर आज झोक्यावर उभी राहून तो पार फांदीपर्यंत चढवतेय.

घरात घागर भरलीय. नवी, मातीची. तिच्यावर छोटं भांडं, त्यावर खरबूज, सांजोरी, आंबे. चुलीतल्या निखाऱ्यांवर तुपाची आगारी पडली की पितर जेवले. मग आमरस-पुरणपोळीवर घरचे बसणार.

आणि जेवण उरकलं की पुरुष निघतात.

(गोणपाटावर पडणारी पानं.)

गावाबाहेर चिंचेखाली पत्त्यांचा फड बसलाय. उन्हाळी वाऱ्याने उडू नयेत म्हणून नोटांवर दगड ठेवलेत. खेळ झन्नामन्ना. पानं एकदा आत पडतात, एकदा बाहेर; ठरलेलं पान जिकडे निघेल ती बाजू जिंकली. यात डोकं लागत नाही, वेळही लागत नाही. फड बसवणारा डावागणिक नाल, म्हणजे आपला वाटा, काढतो. संध्याकाळी नक्की कमाई त्याचीच.

विचारलं तर उत्तर ठरलेलं: "आखाजी शे भो, आज कोनी काही बोलत नही."

खरंच बोलत नाही. जुगारबंदीचा कायदा 1887 सालचा, तो सणालाही सुट्टी घेत नाही. पण आज पत्ते हातात घेणारा जुगारी ठरत नाही, तो रीत पाळत असतो. आज मिळालेलं अक्षय्य राहतं, असंही वर ऐकवतात. आज झालेल्या कर्जाचं काय, ते कुणी सांगत नाही.

पत्त्यांशी माझं भांडण नाही. लहानपणी आम्हीही आखाजीला ओसरीवर चिंचोके लावून खेळलोय, रडलोय, चिंचोके चोरलेतसुद्धा. चिंचोके हरले तर कुणाच्या घरी चूल बंद राहत नव्हती.

इथे कुणाचे पैसे लागतात, ते बघा.

खान्देशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं, साल आखाजीला संपतं आणि आखाजीलाच नवं सुरू होतं. मालक बदलायचा तर आज. हिशेब आज, नवी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आज. म्हणजे वर्षभरातली सगळ्यात मोठी रक्कम गड्याच्या खिशात पडते, नेमका त्याच दिवशी गावाने त्याला खेळायची मुभा दिलेली असते. हा योगायोग फड बसवणाऱ्याला पक्का ठाऊक आहे.

त्या उचलीत पोरांच्या वह्या असतात. किराणा दुकानाची मागची उधारी असते. बायको डावाला बसलेली नसते, पण लागलेली असते. तिला कुणी विचारलेलं नसतं.

माझी आजी पत्त्यांचा विषय निघाला की एवढंच म्हणायची: "जिकना तरी घरमा काही येत नही. हारना ते घरनं जास."

परंपराच काढायची तर जरा मागे जाऊ. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात चौतिसावं सूक्त आहे, अक्षसूक्त. त्यात फासे खेळणारा स्वतःच बोलतो. टाकलेली बायको झुरते. पोरगा कुठे भटकतोय, म्हणून आई झुरते. कर्जात बुडालेला तो रात्री भीतभीत दुसऱ्यांच्या घरांकडे जातो. आणि मग शब्द येतात, "अक्षैर्मा दीव्यः कृषिमित् कृषस्व". फासे खेळू नकोस, शेतच कस. रिवाजाचा हवाला देणाऱ्या चिंचेखालच्या मंडळींपैकी कुणाच्या तोंडून हे मी अजून ऐकलेलं नाही.

(दिवेलागण. झोका रिकामा.)

घागरीवरचं खरबूज कापून झालंय. बहिणी अजून गाणी म्हणताहेत, त्यांचे दोन दिवस बाकी आहेत. चिंचेखाली कुणीतरी मोबाईलची बॅटरी लावलीय.

उद्या पहाटे हरलेला सालदार नव्या मालकाच्या वावरात जाईल. उचल आजच संपली. साल मात्र पुढच्या आखाजीपर्यंत भरायचंय.