परदेशातल्या बालग्रामात जाताना

नमस्कार, श्रोतेहो.

आफ्रिकेतल्या नाहीतर नेपाळमधल्या एखाद्या बालग्रामात जाऊन काही महिने काम करावं, असं मनात घेऊन माझ्याकडे जी मंडळी येतात, त्यांत शिक्षण नुकतंच संपलेली मुलंमुली असतात आणि नोकरीतून नुकतेच मोकळे झालेलेही असतात. पहिला प्रश्न बहुतेकांचा एकच असतो: ‘मुलांबरोबर राहायला मिळेल ना?’ त्यांना मी जे सांगतो, तेच आज तुम्हाला सांगणार आहे. मुलांचा लळा लागावा म्हणून जाऊ नका. तिथल्या मोठ्या माणसांनी जे काम मागितलंय, ते करायला जा.

बालग्राम म्हणजे काय, ते आधी थोडक्यात सांगतो. एका घरात आठदहा मुलं, त्यांची एक आई, आणि अशा काही घरांचं मिळून एक छोटं गाव. ऑस्ट्रियात इम्स्ट इथे १९४९ साली हेरमान गमाइनर यांनी ही पद्धत सुरू केली. तीच पुढे एसओएस बालग्राम या नावाने जगभर गेली. आपल्याकडे पुण्यात आणि लातूरला अशी बालग्रामं आहेत.

मला मात्र त्याच्याही आधीचं एक गाव जास्त महत्त्वाचं वाटतं. स्वित्झर्लंडमधल्या ट्रोगेनजवळचं पेस्टालोत्सी बालग्राम. युद्ध चालू असतानाच, १९४४ साली, वाल्टर रोबर्ट कोर्ती यांनी एका मासिकातून हाक दिली की युद्धाने पोरकी केलेल्या मुलांसाठी एक गाव बांधू या. १९४६ साली बांधकाम सुरू झालं आणि हातभार लावायला निरनिराळ्या देशांतून तरुण मंडळी आपणहून आली. त्यांनी घरं बांधली. पण त्या घरांत मुलांना वाढवलं कोणी? फ्रेंच मुलांच्या घरात फ्रेंच माणसांनी, पोलिश मुलांच्या घरात पोलिश माणसांनी. मुलं आपापल्या भाषेत शिकली, आपापली गाणी म्हणत मोठी झाली. बांधायला आलेल्यांनी बांधलं आणि वाढवायचं काम राहणाऱ्यांवर सोपवलं. परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाने ही वाटणी नीट समजून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

माझं सगळं आयुष्य पाणीपुरवठ्याच्या कामात गेलं. निवृत्तीनंतर केनियात, मचाकोसच्या बाजूला, एका लहानशा बालग्रामात गेलो. आपल्या माणदेशातला माणूस तिथे उतरला तर त्याला फार परकं वाटणार नाही. टेकड्यांवर बांधबंदिस्ती, लाल माती, आणि पाण्यासाठी पायपीट. वीस लिटरचे पिवळे कॅन गाढवाच्या पाठीवर लादून पाणी यायचं. देणगी देणाऱ्यांच्या मनात संगणकाची खोली बांधून द्यावी असं होतं. घरांतल्या आयांना विचारलं, तेव्हा त्या एका सुरात म्हणाल्या, पाणी. आणि सुदैवाने त्यांचं ऐकलं गेलं.

श्रोतेहो, याचं गणित इतकं साधं आहे की ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. शंभर चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की शंभर लिटर पाणी. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरा, म्हणजे ७०,००० लिटर झाले. गळती, उडून जाणारं आणि सोडून द्यावं लागणारं पाणी वजा केलं, तरी ५५,००० लिटर हाताशी राहतात. दहा माणसांच्या घराला पिण्याला आणि स्वयंपाकाला रोज १५० लिटर लागतात असं धरलं, तर हे वर्षभर पुरतं. पण म्हणून ५५,००० लिटरची टाकी बांधायची गरज नाही. त्या भागात पाऊस दोनदा येतो, मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबर. मधले जून ते सप्टेंबर हे महिने कोरडे. चार महिन्यांचे १२० दिवस, रोजचे १५० लिटर, म्हणजे १८,००० लिटर. दर घराला २०,००० लिटरची टाकी पुरेशी झाली. खर्च आवाक्यात आला तो या एका हिशोबामुळे.

टाकी बांधली तिथल्याच गवंड्याने. फुंडी म्हणतात तिकडे. पन्हळीला दर मीटरला अर्धा सेंटिमीटर उतार हवा, एवढंच मी सांगितलं. पातळी बघायला त्याने पारदर्शक नळीत पाणी भरलं, एक टोक स्वतः धरलं, दुसरं टोक मदतनिसाच्या हातात दिलं, आणि भिंतीवर कोळशाने खुणा करत गेला. आपले गवंडी करतात अगदी तसंच. पन्हळीच्या लोखंडी पट्ट्या त्याने दगडावर ठोकून वाकवल्या. सांधे, तोट्या, सगळं मचाकोसच्या बाजारात मिळणारं घेतलं. हा माझा हट्टच होता, कारण सुट्या भागासाठी परदेशी पत्र लिहावं लागलं, तर ती तोटी पुढे वर्षभर गळतच राहणार.

पत्र्यावरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा पहिल्या सरीबरोबर खाली येते. ते पाणी टाकीत जाऊ नये म्हणून पन्हळीखाली एक उभा पाइप ठेवायचा, त्याला तळाशी बूच. घाण पाणी आधी त्यात भरतं, मग स्वच्छ पाणी टाकीकडे वळतं. पाऊस थांबला की बूच काढायचं. हे काम कोण करणार, यावर तिथे बरंच बोलणं झालं. शेवटी घरातल्या आईनेच ते अंगावर घेतलं. पहिला पाऊस झाला, तिने बूच उपसलं, तांबडं पाणी भसकन बाहेर आलं, आणि तिने मुलींना हाका मारून ते बादल्यांनी सुकुमाच्या वाफ्यात ओतायला लावलं. सुकुमा म्हणजे तिकडची रोजची पालेभाजी. असा वापर माझ्या आराखड्यात नव्हता, तो तिचा होता.

आता मुलांविषयी. मुलं येऊन बिलगतात, हात सोडत नाहीत. जाणाऱ्याला भरून येतं, आणि ते खोटं नसतं. पण ते मूल याआधीही एखाद्या माणसाला दुरावलेलं असतं. त्याला जीव लावून आपण तीन महिन्यांनी विमानात बसलो, तर त्याच्या वाट्याला आणखी एक ताटातूट येते. रुमानियात, बुखारेस्टमध्ये, २००० सालानंतर १३६ मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. त्यातली निम्मी मुलं संस्थांमधून काढून सांभाळणाऱ्या कुटुंबांत दिली होती. ती अनेक बाबतीत सावरली, आणि जी दोन वर्षांची होण्याआधी घरात गेली ती सगळ्यात चांगली सावरली. मुलाला रोज तेच माणूस समोर लागतं. म्हणून तुमच्यापाशी माया असेल, तर ती त्या घरातल्या आईला द्या. तिचं पाणी भरण्याचं, सरपणाचं, हिशोबाचं ओझं हलकं करा. तिचा तो वेळ मुलांनाच मिळतो.

दुसरी गोष्ट कडू आहे. नेपाळमध्ये यादवीच्या काळात हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून दलालांनी मुलं काठमांडूला आणली. शाळेत घालतो म्हणून आईबापांकडून पैसे घेतले, आणि मुलं बालगृहांत अनाथ म्हणून उभी केली. ही बालगृहं वाढली ती मुख्यतः पर्यटकांचा राबता असलेल्या जिल्ह्यांत. मुलांना भेटायला पैसे मोजून येणारी परदेशी माणसं होती, म्हणून हा धंदा चालला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ च्या ठरावात अनाथालयांतल्या अशा स्वयंसेवेच्या धोक्याची दखल घेतली. केनियाने २०१७ पासून नव्या बालसंस्थांची नोंदणी थांबवली, आणि २०२२ ते २०३२ या दहा वर्षांत मुलांना संस्थांतून कुटुंबांकडे न्यायचं धोरण आखलं. तेव्हा जाण्याआधी संस्थेला सरळ विचारा: किती मुलांचे आईवडील किंवा आजीआजोबा हयात आहेत? त्यांच्याकडे मुलं परत जावीत म्हणून काय करता? नोंदणीचा कागद दाखवता का? या प्रश्नांना जी संस्था टाळाटाळ करते, तिथे जाऊच नका, मग छायाचित्रं कितीही गोड असोत.

तुमचीही चौकशी होईल. पोलिसांचा दाखला मागतील, मुलाबरोबर एकट्याने बंद खोलीत थांबायचं नाही असा नियम सांगतील. त्याचा राग मानू नका. गमाइनर यांचं नाव मी मघाशी घेतलं. त्यांनीच मुलांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी होत्या, हे २०२५ साली ऑस्ट्रियातल्या त्यांच्याच संस्थेने जाहीर केलं. कोणाच्याही मोठेपणाकडे बघून मुलांच्या सुरक्षेचा नियम वाकवता येत नाही. फोटोंचंही तसंच. आपल्या बाल न्याय कायद्याने संस्थेतल्या मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे. आपल्या मुलांसाठी जे चालत नाही, ते केनियातल्या मुलासाठीही चालवून घेऊ नका. टाकीचे फोटो हवे तेवढे काढा.

आणि तयारीचं थोडं. पर्यटक म्हणून देशात शिरून काम करू नका, त्यासाठी वेगळा परवाना लागतो, तो संस्थेकडून आधी करून घ्या. केनियाला जाणार असाल तर पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या. ती सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि तिचं पिवळं पुस्तक आता आयुष्यभर चालतं. ते सामानात न टाकता पासपोर्टबरोबर ठेवा. परत येताना विमानतळावर ते दाखवता आलं नाही, तर तुम्हाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. हिवतापाच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना विचारा. आणि निघण्याआधी तिथल्या आयांना, गवंड्याला, हिशोब ठेवणाऱ्याला एक पत्र लिहून विचारा, की तुम्हाला काय हवंय. उत्तर यायला वेळ लागेल. ते येईपर्यंत तिकीट काढू नका.

नमस्कार.