मुदतवाढ नावाचा माल

अध्यक्षांनी ओळख करून देताना 'तंबाखूमुक्तीसाठी झटणाऱ्या' असा शब्द वापरला. तो माझ्या वाट्याचा नाही. मी आजवर कुणाचीही तंबाखू सोडवलेली नाही, माझ्या आजीचीसुद्धा नाही. ती रोज सकाळी लोखंडी तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुस्करून डबीत भरायची आणि बोटानं दातांना लावायची. मशेरी भाजली की घरभर ठसका लागायचा. दात दुखतो म्हणून लावते, असं ती चाळीस वर्षं सांगत होती.

त्यामुळे शिकत असताना मला वाटायचं, तंबाखूचा प्रश्न म्हणजे सवयीचा प्रश्न. पुढे लक्षात आलं की सवय मोजणारी माणसं पुष्कळ आहेत. सवयीला आळा घालायला निघालेल्या कायद्याचं वाटेत काय होतं, हे मोजणारी फार थोडी. मी त्या थोड्यांतली एक. माझं काम म्हणजे कागद वाचणं. कंपन्यांचे, सरकारांचे, न्यायालयांचे, संघटनांचे. आज त्या कागदांबद्दलच बोलणार आहे.

हे कागद आले कुठून, ते आधी सांगते, कारण कुठलाही उद्योग आपली पत्रं आपणहून कुणाला दाखवत नाही. एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकेतल्या सात मोठ्या तंबाखू कंपन्यांचे प्रमुख तिथल्या संसदेच्या उपसमितीसमोर उभे राहिले आणि शपथेवर म्हणाले की निकोटिनची चटक लागते असं आम्हाला वाटत नाही. पुढच्याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात स्टँटन ग्लँट्झ या प्राध्यापकाकडे एक खोकं आलं. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी 'मिस्टर बट्स'. आपल्याकडे म्हणायचं तर 'श्रीयुत थोटूक'. आत ब्राउन अँड विल्यमसन या कंपनीचे सुमारे चार हजार कागद. त्यांतून दिसत होतं की शपथेवर जे नाकारलं गेलं, ते कंपनीच्या आत फार वर्षांपासून माहीत होतं.

मग १९९८ साली मिनेसोटा राज्याच्या खटल्यात तडजोड झाली. तिच्यात पैशांबरोबर आणखी एक अट होती, ती माझ्या पोटापाण्याची: कंपन्यांनी आपले अंतर्गत कागद लोकांसाठी खुले करायचे. एक कोठार मिनियापोलिसला, दुसरं इंग्लंडमध्ये गिल्डफर्डला. मिनियापोलिसचं कोठार बरं होतं. गिल्डफर्डचं ब्रिटिश अमेरिकन टोबॅको ही कंपनी स्वतः चालवायची. खुलं करायचं पण उघडायचं नाही, अशी तऱ्हा. आधी वेळ ठरवून घ्या, सूचीत फक्त फायलींची नावं, आत काय आहे याचा पत्ता नाही. वाचायला येणाऱ्या संशोधकांवर तिथे नजर ठेवली जात होती, हे २००४ मध्ये 'लॅन्सेट'मधल्या एका लेखानं दाखवलं. आज हे सगळं त्याच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे, दीड कोटीच्या आसपास दस्तऐवज. प्रत्येक पानावर अनुक्रमांकाचा शिक्का असतो. एका फायलीत चाळीस पानं पाहिजेत आणि एकोणचाळीसच सापडली, तर चाळिसावं कुठे गेलं हे विचारायची सोय त्या शिक्क्यानं होते. माझे निम्मे दिवस त्या चाळिसाव्या पानामागे गेले आहेत.

कागद वाचताना मी वाक्यांचा माग काढते. एखादं वाक्य पहिल्यांदा कुणी, कुठे, कधी लिहिलं, आणि मग ते कुठल्या देशात कुणाच्या तोंडून निघालं. एकाच वाक्याची गोष्ट सांगते.

डिसेंबर १९५३. न्यूयॉर्कचं प्लाझा हॉटेल. सिगारेटमुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो असं दाखवणारे अभ्यास नुकतेच छापून आले होते आणि कंपन्यांची गाळण उडाली होती. एकमेकांच्या उरावर बसणारे ते मालक त्या दिवशी एका खोलीत बसले आणि हिल अँड नोल्टन ही जनसंपर्क संस्था नेमली. ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतल्या चारशेहून अधिक वृत्तपत्रांत त्यांची पानभर जाहिरात आली. तिचा आशय असा: लोकांचं आरोग्य आम्हाला सर्वांत महत्त्वाचं, पण पुरावा अजून निर्णायक नाही, आणखी संशोधन व्हायला हवं, आणि ते आम्हीच करू. पुढे १९६९ मध्ये ब्राउन अँड विल्यमसनच्या एका टिपणात कुणीतरी हे उघडच लिहून ठेवलं की शंका हेच आपलं उत्पादन आहे. माझी मात्र त्या लेखकाशी थोडी तक्रार आहे. शंका हा कच्चा माल झाला. तयार माल वेगळाच असतो, तो म्हणजे मुदतवाढ. 'आणखी संशोधन हवं' याचा बाजारातला अर्थ 'आणखी चार वर्षं विकू द्या' एवढाच.

आता त्या जाहिरातीच्या पुढच्या वर्षातली आपली मुंबई. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या आवारात डॉ. वसंत रामजी खानोलकर हे विकृतिशास्त्रज्ञ होते. त्यांनी, डॉ. संघवी आणि डॉ. राव यांनी मिळून १९५५ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लेख छापला. विषय होता धूम्रपान, तंबाखू चघळणं आणि तोंड-घशाचा कर्करोग यांचा संबंध. रुग्ण इथले, सवयी इथल्या, विडी इथली. पुढे नव्वदच्या दशकात मुंबईतच जवळजवळ दीड लाख माणसांची नोंद करून वर्षानुवर्षं त्यांचा मागोवा घेतला गेला. तोही अभ्यास छापून आलेला आहे.

आणि मार्च २०१५. पाकिटावरचा चित्रमय इशारा ८५ टक्के जागेत असावा, ही अधिसूचना आरोग्य मंत्रालयानं ऑक्टोबर २०१४ मध्ये काढली होती. १ एप्रिल २०१५ पासून ती लागू व्हायची होती. संसदेच्या ज्या समितीकडे ती तपासायला होती, तिचे अध्यक्ष आपल्या नगरचे खासदार दिलीप गांधी. ते म्हणाले की तंबाखूनं कर्करोग होतो असं दाखवणारे अभ्यास परदेशातले आहेत, भारतीय अभ्यास नाही. समितीच्या सदस्यांत बिडी उद्योगातले एक खासदारही होते. त्याच्या काही आठवडे आधी, १६ फेब्रुवारीला, आर. आर. आबा तोंडाच्या कर्करोगानं गेले होते. अवघा महाराष्ट्र हळहळला होता, आणि दिल्लीत भारतीय पुरावा शोधला जात होता.

गांधी आज हयात नाहीत, आणि त्यांच्यावर हेत्वारोप करण्याचा माझा उद्देश नाही. एखाद्याला एखादं वाक्य खरंच पटलेलं असू शकतं. माझा प्रश्न वाक्याच्या प्रवासाचा आहे. प्लाझा हॉटेलातून निघालेलं 'अजून पुरावा हवा' एकसष्ट वर्षांनी 'आमच्या मातीतला पुरावा हवा' होऊन दिल्लीत पोहोचलं, आणि वाटेत परळवरून जाताना खानोलकरांच्या लेखावर थांबलं नाही.

अधिसूचना अंमलबजावणीच्या तोंडावर स्थगित झाली. राजस्थान उच्च न्यायालयानं कान पिळल्यावर नवी तारीख आली, १ एप्रिल २०१६. त्याच्या पंधरवडाभर आधी समितीचा अंतिम अहवाल आला: ८५ नको, ५० टक्के पुरे. तरीही तारीख टळली नाही, तेव्हा सिगारेट कंपन्यांनी नियमांत संदिग्धता आहे असं म्हणत कारखानेच बंद ठेवले आणि रोज साडेतीनशे कोटींचं नुकसान होतंय असं सांगायला सुरुवात केली. कामगारांचा संप आपल्याला माहीत असतो, हा मालकांचा संप. मेमध्ये सर्वोच्च न्यायालयानं वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतली प्रकरणं एकत्र करून कर्नाटककडे पाठवली आणि तोवर नियम पाळा म्हणाले. डिसेंबर २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ८५ टक्क्यांचा नियम रद्द केला, आणि ८ जानेवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. म्हणून आज तुम्हाला ते चित्र दिसतं.

त्याआधीची कथाही अशीच. तंबाखू नियंत्रणाचा कायदा २००३ चा, पाकिटावर पहिलं चित्र ३१ मे २००९ ला. सहा वर्षं. मधल्या काळात कवटी आणि हाडांचं चिन्ह सक्तीचं राहू नये म्हणून २००७ मध्ये कायद्यातच दुरुस्ती झाली. आणि सहा वर्षं वाट बघून चघळायच्या तंबाखूवर काय आलं? विंचू! गावाकडे मला एका काकांनी विचारलं होतं, हा छाप नवीन आहे का, कडक असेल ना?

बाहेरच्या देशांत काय होतं, ते थोडक्यात. उरुग्वे हा देश साधारण पुणे शहराएवढ्या लोकवस्तीचा. तिथले तेव्हाचे अध्यक्ष ताबारे वास्केस स्वतः कर्करोगतज्ज्ञ. त्यांनी पाकिटाचा ८० टक्के भाग इशाऱ्याला दिला आणि एका ब्रँडचा एकच प्रकार विकायचा असं ठरवलं. फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीनं २०१० मध्ये स्वित्झर्लंड-उरुग्वे गुंतवणूक कराराचा आधार घेऊन आंतरराष्ट्रीय लवादात दावा लावला. जुलै २०१६ मध्ये कंपनी हरली आणि तिलाच खर्चापोटी उरुग्वेला ७० लाख डॉलर द्यावे लागले.

ऑस्ट्रेलियानं एप्रिल २०१० मध्ये जाहीर केलं की पाकिटावर ब्रँडचे रंग, चिन्हं काहीच नको, एकसारखा मळकट रंग. फेब्रुवारी २०११ मध्ये फिलिप मॉरिसच्या हाँगकाँगच्या कंपनीनं ऑस्ट्रेलियातल्या व्यवसायाची मालकी आपल्याकडे घेतली, कारण हाँगकाँग आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात १९९३ चा गुंतवणूक करार होता. म्हणजे भांडण लागणार हे कळल्यावर भांडायला सोयीचं घर घेतलं. डिसेंबर २०१५ मध्ये लवादानं याला हक्काचा दुरुपयोग म्हटलं आणि दावा फेटाळला. जागतिक व्यापार संघटनेत तक्रार करणाऱ्यांत युक्रेन होता, ज्याचा ऑस्ट्रेलियाशी तंबाखूचा व्यापारच नव्हता. त्या प्रकरणाचा शेवटचा निकाल जून २०२० मध्ये लागला, तोही ऑस्ट्रेलियाच्या बाजूनं.

सगळीकडे कंपन्या हरल्या, मग त्यांनी मिळवलं काय, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उत्तर न्यूझीलंडमध्ये आहे. तिथल्या सरकारनं २०१३ मध्ये सांगितलं की आम्हालाही साधी पाकिटं आणायची आहेत, पण ऑस्ट्रेलियाच्या खटल्यांचं काय होतं ते बघू. त्यांची साधी पाकिटं आली २०१८ मध्ये. खटला एका देशावर घालायचा आणि धाक शेजाऱ्याला बसवायचा. कंपनीच्या वहीत ही मधली पाच वर्षं जमेच्या बाजूला असतात. खटला हरल्याचा खर्च त्यापुढे किरकोळ.

आता घरची एक गोष्ट, कारण सिगारेटीवर बोलून महाराष्ट्राचा हिशोब लागत नाही. आपल्याकडे धूर काढणारे कमी, मळून-चघळून खाणारे कितीतरी जास्त. २००२ मध्ये राज्यानं गुटख्यावर बंदी घातली. ऑगस्ट २००४ मध्ये 'गोदावत पान मसाला' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. मग २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत एक छोटं वाक्य आलं: खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन असता कामा नये. गुटखा हा खाद्यपदार्थ, त्यात तंबाखू, म्हणून बंद. जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्रानं पुन्हा बंदी घातली, पान मसाल्यासकट. इतर राज्यांत पान मसाला चालू होता, तिथे उद्योगानं काय केलं? एका पुडीच्या दोन पुड्या केल्या. एकीत तंबाखू नसलेला मसाला, दुसरीत नुसती तंबाखू, दोन्ही एकाच माळेला शेजारी लटकलेल्या. मिसळायचं काम गिऱ्हाइकाच्या तळहातावर. याला माझ्याकडे दाद आहे, खोटं कशाला बोलू.

एक चिठ्ठी आली आहे: 'बिडी वळणाऱ्या बायकांचं काय?' बरं झालं विचारलंत. सोलापूर, सिन्नर, निपाणी इथल्या बायकांचा प्रश्न बनावट नाही. दिवसभर सूप मांडीवर घेऊन वळायचं, तंबाखूची धूळ नाकात, मजुरी तुटपुंजी, त्यातही खराब म्हणून बिड्या बाजूला काढायच्या. पण कागद सांगतात की प्रत्येक नव्या नियमाच्या वेळी निवेदनात पहिलं नाव त्यांचंच असतं, आणि मजुरीच्या निवेदनात तेच मालक दिसत नाहीत. शेतकऱ्यांचंही तसंच. तंबाखू उत्पादकांची आंतरराष्ट्रीय संघटना १९८४ पासून आहे. तिला बळ देण्याबद्दल कंपन्यांनी आपसांत केलेला पत्रव्यवहार त्याच कोठारात आहे. ऑस्ट्रेलियात २०१० मध्ये छोट्या दुकानदारांची म्हणून जी आघाडी उभी राहिली, तिचा पैसा कंपन्यांचा होता, हे फुटलेल्या कागदांवरून कळलं. दुकानदार खरे, त्यांची काळजीही खरी, फक्त फलक दुसऱ्यानं रंगवलेला.

शेवटची चिठ्ठी एका विद्यार्थिनीची आहे, असं काम सुरू कुठून करायचं. राजपत्रात नव्या नियमाचा मसुदा येतो, त्यावर हरकती-सूचनांची मुदत असते. मुदत संपली की माहिती अधिकारात त्या सगळ्या हरकती मागायच्या. मिळतीलच असं नाही, अपील करावं लागेल. मिळाल्या की जमिनीवर तारखेप्रमाणे मांडायच्या. कुठली वाक्यं चार संघटनांच्या पत्रांत शब्दशः सारखी आहेत, त्यांखाली पेन्सिल ओढायची. मग तीच वाक्यं त्या कोठारात इंग्रजीत शोधायची. जागतिक तंबाखू नियंत्रण कराराचं कलम ५.३ जवळ ठेवायचं. त्यात सह्या करणाऱ्या देशांनी, म्हणजे आपणही, मान्य केलं आहे की आरोग्यधोरण या उद्योगाच्या हितसंबंधांपासून दूर ठेवू. आणि सरकारी पत्रांसाठी एक वेगळी फाइल करा. गुंटूरचा तंबाखू बोर्ड केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाखाली येतो, सरकारी मालकीच्या एलआयसीकडे सिगारेट बनवणाऱ्या आयटीसीचे सुमारे १५ टक्के शेअर आहेत. तुम्हाला काही पत्रं अशी सापडतील की लिहिणाराही सरकार आणि ज्याला लिहिलं तोही सरकार. ती कुठल्या ढिगात ठेवायची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.