बजीचं पीस मोडून रक्त आलं तर

(कोल्हापुरात पक्षी पाळणाऱ्या कुटुंबांसाठी एका पशुवैद्य बाईंनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. मुलं पुढं येऊन बसली आहेत ते बरं झालं, कारण पिंजऱ्यातलं रक्त बहुतेक घरांत सगळ्यात आधी मुलांनाच दिसतं.

एका आकड्यापासून सुरुवात करू. आपल्या बजीचं, म्हणजे बजरीगार या छोट्या पोपटाचं, वजन साधारण ३० ते ४० ग्रॅम असतं. अंगातलं रक्त वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकं. म्हणजे ३५ ग्रॅमच्या पक्ष्यात साडेतीन मिलिलिटर. औषधाच्या बाटलीबरोबर येणारा छोटा चमचा पाच मिलिलिटरचा असतो. तो चमचाही या पक्ष्याच्या सगळ्या रक्तानं भरत नाही. निरोगी पक्षी यातले सहा-सात थेंब गेले तरी सोसतो. पण त्याच्या दुप्पट-तिप्पट गेले तर जीव धोक्यात येतो. हे दोन्ही लक्षात ठेवा. थोडं रक्त दिसलं म्हणून पक्षी गेला असं नाही, आणि थेंब थेंब चालूच असेल तर ‘सकाळी बघू’ असंही नाही.

त्यातून रक्त दिसतं त्यापेक्षा जास्त वाटतं. पीस मोडलं की पक्षी पंख झटकतो. एकेक थेंब गजांवर, भिंतीवर, दाण्याच्या वाटीत शिंतडतो. दोन-तीन थेंबांनी सगळा पिंजरा माखल्यासारखा दिसतो आणि घरातल्यांचे हातपाय गळतात. म्हणून आधी पिंजऱ्याच्या तळाचा कागद बघा. तिथं पडलेले थेंब मोजता येतात. त्या कागदाचा फोटो काढून ठेवलात तर डॉक्टरला शंभर प्रश्न विचारावे लागत नाहीत.

आता रक्त येतं कुठून? वाढ पूर्ण झालेलं पीस निर्जीव असतं. आपल्या नखासारख्याच केराटिनचं बनलेलं. पण नवीन उगवणाऱ्या पिसाच्या दांड्यात रक्तवाहिन्या असतात, कारण त्याला वाढायला अन्न लागतं. पीस पुरं वाढलं की रक्त मागं सरतं आणि दांडा पोकळ, पांढरा होतो. तुमच्यापैकी बरेचजण शेतकरी घरातले आहात, तेव्हा असं बघा: वाळलेलं पाचट मोडलं तर काही निघत नाही, कोवळा ऊस मोडला तर रस गळतो. या कोवळ्या पिसाला पक्षी पाळणारे ‘ब्लड फेदर’ म्हणतात. पंखाची आणि शेपटीची मोठी पिसं उगवताना मोडली की खरा त्रास होतो, कारण त्यांचे दांडे जाड असतात. डोक्यावर जे काटे काटे दिसतात तीही नवीन पिसंच, पण ती बारीक. त्यांची फार काळजी नको.

ओळखायचं कसं? पंख हलकेच उघडा आणि मागून मोबाईलचा टॉर्च धरा. जुन्या पिसाचा दांडा आरपार उजळ दिसतो. कोवळ्या पिसाचा दांडा बुंध्याशी जाड, निळसर-काळपट, वर मेणासारखं पातळ आवरण आणि टोकाला फुटलेलं थोडंसं पीस. मोडलेलं असेल तर त्या काळपट भागातच कुठंतरी चीर दिसते आणि चिरेच्या तोंडाशी थेंब जमतो. पण हे निरोगी, माणसाळलेल्या पक्ष्यात आत्ताच बघून ठेवा. रक्त वाहत असताना शिकायची ही गोष्ट नव्हे.

प्रत्यक्ष वेळ आली की पहिलं काम पक्ष्याला हात न लावता करायचं. दोन मिनिटं लांबून नुसतं बघा. नवीन थेंब पडतोय का? पुष्कळदा तुमच्या लक्षात येईपर्यंत रक्त गोठून थांबलेलंही असतं. तसं असेल तर पकडूच नका. पकडलंत तर तो फडफडणार, गुठळी निघणार, रक्तदाब वाढणार आणि थांबलेलं रक्त पुन्हा चालू होणार. पिंजरा अर्धा झाका, दिवा मंद करा, टीव्ही बंद करा आणि लक्ष ठेवा. माझा सगळ्यात जास्त भर यावर आहे. आपल्याला काहीतरी केल्याशिवाय चैन पडत नाही, आणि पक्ष्याला त्या वेळी कुणी काही न करण्याचीच गरज असते.

थेंब पडतच असतील तर मात्र पकडावं लागेल. आधी पंखा बंद. खिडक्या-दारं बंद. मांजर असेल तर बाहेर. मग दिवा मालवा. अंधारात बजी उडत नाही, जागच्या जागी बसतो. मऊ सुती रुमाल घेऊन त्याला अलगद घ्या. पाठ तळहाताला टेकलेली, डोकं तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये, बाकीची बोटं अंगाभोवती सैल. छातीवर अजिबात दाब नको. आपल्या पोटाच्या आणि छातीच्या मध्ये श्वासाचा जो पडदा असतो, तो पक्ष्यांना नसतो. छातीचं हाड पुढं-मागं हलवूनच ते श्वास घेतात. मूठ आवळली, हाड हललं नाही, की श्वास बंद. घाबरलेल्या माणसाच्या मुठीत पक्षी गुदमरतो आणि घरच्यांना वाटतं रक्तानं गेला. पकडलेला पक्षी चोच उघडून धापा टाकू लागला तर ताबडतोब सोडून अंधारात ठेवा. आधी श्वास, मग रक्त.

दुसऱ्या माणसानं पंख सांध्यापाशी धरून थोडासाच उघडायचा. पिसाच्या टोकाला धरून ओढायचा नाही. चिमूटभर कॉर्नफ्लोअर गॉजवर किंवा स्वच्छ सुती कापडावर घ्या आणि मोडलेल्या टोकाला लावून दांडा चिमटीत धरा. आपण सूप दाट करायला वापरतो ते पांढरं कॉर्नफ्लोअर, भाकरीचं पिवळं मक्याचं पीठ नव्हे. नसेल तर मैदा चालतो. दोन-तीन मिनिटं दाबून धरायचं आणि मधेमधे उघडून बघायचं नाही. मोबाईलवर टायमर लावा, कारण अशा वेळी अर्धं मिनिट पाच मिनिटांसारखं वाटतं. नंतर सावकाश बोटं काढा. अजून झिरपत असेल तर आणखी एकदा तसंच करा. दुसऱ्यांदाही थांबलं नाही तर डॉक्टरकडं निघायचं, आणि वाटेतही चिमटी सोडायची नाही.

आता हळदीचं. कापलं की हळद ही आपल्या घरातली रीत आहे, आणि आजीनं लावलीच तर तिच्यावर रागावू नका. पण पक्ष्यासाठी मी कॉर्नफ्लोअरच सांगते. हळदीनं सगळं पिवळं होतं आणि खालून रक्त चालू आहे की थांबलं ते दिसत नाही. शिवाय बजी ते पीस चोचीनं साफ करणारच. जे लावाल ते त्याच्या पोटात जाणार, हे धरूनच चाला. तुरटी झोंबते, ती नको. रक्त थांबवायची पावडर दुकानात मिळते ती नखासाठी आहे. ती कातडी जाळते, पिसाच्या मुळाशी लावू नये. तेलकट मलम, पेट्रोलियम जेली, तूप यांतलं काही नको. पिसं चिकटली की अंगाची ऊब राहत नाही. बधिर करणारी माणसांची मलमं तर पक्ष्याला विषच. वेदना होत असतील म्हणून पॅरासिटामॉलचा तुकडाही देऊ नका.

आता त्या पिसाबद्दल. ‘मोडकं पीस मुळापासून उपटा म्हणजे रक्त थांबतं’ हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. पूर्वी पक्ष्यांच्या पुस्तकांतही तसं लिहीत. आपल्या कोल्हापूरला कबुतरांचा नाद जुना, आणि कबुतरांच्या घरात पीस ओढायची सवय हाताला असते. पण कबुतर तीनशे ग्रॅमच्या पुढं, बजी त्याच्या दहाव्या हिश्श्याचा. पंखाची मोठी पिसं नुसती कातडीत नसतात, त्यांची मुळं थेट हाडाला चिकटलेली असतात. बजीच्या पंखाचं हाड काडेपेटीतल्या काडीहून बारीक. वेडावाकडा हिसका बसला की हाड मोडतं, नाहीतर पिसाचं मूळ फाटतं. मग तिथं पुढं पीस वाकडं येतं किंवा कातडीतच गाठ होते. दांडा मधेच तुटला तर रक्त चालूच राहतं आणि धरायला टोकही उरत नाही. त्यातून वेदना भयंकर. आम्ही दवाखान्यात पीस काढतो, नाही असं नाही, पण दाबून रक्त थांबत नसेल तरच. एका हातानं हाडाला आधार देऊन, चिमट्यानं दांडा कातडीलगत धरून, ज्या दिशेनं तो वाढतो त्याच रेषेत काढतो आणि मग त्या छिद्रावर दाब देतो. गरज पडली तर भूल देऊन. घरी हे करू नका.

रक्त थांबल्यावरचे चार-सहा तास जपायचे. लहान पिंजरा किंवा भोकं पाडलेलं खोकं घ्या, उंच दांडी काढून टाका, तळाला मऊ कापड घाला, दाणा-पाणी खालीच ठेवा. खोक्याच्या एका बाजूला टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवा, म्हणजे नको वाटलं तर त्याला दुसरीकडं सरकता येईल. आत सुमारे ३० अंश ऊब हवी. तो चोच उघडून पंख अंगापासून लांब धरू लागला तर उष्णता जास्त झाली. रक्त धुवायला आंघोळ घालू नका. ड्रॉपरनं ग्लुकोजचं पाणी चोचीत सोडू नका. पक्ष्याची श्वासनलिका जिभेच्या मुळाशीच उघडते, पाणी सरळ फुप्फुसात जातं. पाणी वाटीत ठेवा, तो पिईल.

काही चिन्हं दिसली तर थांबू नका. अंग फुगवून डोळे मिटून तळाला बसणं, श्वासाबरोबर शेपटी खालीवर होणं, पाय फिके पडणं. बजी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानातला, थव्यानं राहणारा. जॉन गूल्ड या इंग्रज पक्षीतज्ज्ञांनी १८४० साली जिवंत पक्षी इंग्लंडला नेले आणि तिथून तो जगभर घरोघर गेला. पण स्वभाव थव्याचाच राहिला. शिकाऱ्याच्या नजरेत भरू नये म्हणून तो दुखणं शेवटपर्यंत लपवतो. तो आजारी दिसतोय, याचा अर्थ बराच वेळ आजारी आहे.

रक्त पिसातून नसून मांजराच्या नखानं किंवा दातानं आलं असेल तर गोष्ट वेगळी. जखम टाचणीएवढी असली आणि रक्त थांबलेलं असलं तरी त्याच दिवशी डॉक्टर हवा. मांजराच्या तोंडातले जंतू पक्ष्याच्या रक्तात पसरतात आणि एक-दोन दिवसांत पक्षी जातो. त्याला प्रतिजैविक लागतंच.

पिसं का मोडतात, हे मला जास्त तळमळीनं सांगायचं आहे. पहिलं कारण, कापलेले पंख. बाजारात लव्हबर्ड म्हणून जे मिळतात ते बहुतेक बजीच, आणि विकताना त्यांचे पंख कातरून देतात. एरवी पक्षी पिसं टाकतो ती एकदम नाही, दोन्ही पंखांत थोडी थोडी. नवीन कोवळ्या पिसाच्या दोन्ही बाजूंना जुनी पक्की पिसं उभी असतात, धक्का ती झेलतात. सगळी कातरली की नवीन पीस एकटंच बाहेर येतं. त्यात पंख कातरलेला पक्षी उडायला जातो आणि दाणकन जमिनीवर पडतो. पहिला मार त्या कोवळ्या पिसालाच. तेव्हा घेताना पंख कातरू नका म्हणून सांगा, आणि घरी तर कातरूच नका.

दुसरं कारण रात्रीचं दचकणं. दिवाळी, विसर्जन मिरवणूक, फुटबॉलचा सामना जिंकल्यावर पेठेत उडणारे फटाके. अंधारात मोठा आवाज झाला की बजी आंधळेपणानं उसळी घेतो आणि गजांवर आपटतो. पेठांतल्या घरांनी त्या दिवसांत पिंजरा रस्त्याकडच्या खोलीतून आत घ्यावा, तीन बाजू झाकाव्यात आणि मंद दिवा चालू ठेवावा. दिवा असला की दचकलेल्या पक्ष्याला परत दांडी सापडते.

आणि पिसं वारंवार मोडत असतील, त्यातून तरुण पक्ष्याची पंख-शेपटीची पिसं गळून दांड्यात रक्त दिसत असेल, तर तो अपघात नव्हे. बजीत पिसांचे विषाणूजन्य आजार असतात. त्याला इतर पक्ष्यांपासून वेगळं ठेवून तपासून घ्या. नुसत्या राळ्या-बाजरीवर वाढवलेल्या पक्ष्याचं यकृत बिघडतं आणि मग रक्त गोठायलाही वेळ लागतो. समुद्रफेस, मेथी-पालक, किसलेलं गाजर द्यायची सवय लावा.

(यानंतर श्रोत्यांनी प्रश्न विचारले. त्यातले दोन इथं घेतले आहेत.)

एका मुलानं विचारलं, मोडलेलं पीस परत येतं का? येतं. मुळापासून निघालं असेल तर लगेच नवीन फुटायला लागतं आणि काही आठवड्यांत पुरं होतं. मोडून खुंट राहिला असेल तर तो वाळतो आणि पुढच्या वेळी पिसं गळताना आपोआप पडतो. तोवर त्याला थोडं वाकडं उडू दे.

एका ताईंचा प्रश्न होता, रात्री दोनला असं झालं तर जायचं कुठं? याचं उत्तर आज दिवसा शोधून ठेवायचं. आपल्याकडचे पुष्कळ डॉक्टर गाई-म्हशी आणि कुत्री बघतात. सगळ्यांनाच पक्ष्याचा हात नसतो, आणि त्यात गैर काही नाही. उद्याच दोन-तीन दवाखान्यांत फोन करून सरळ विचारा: पक्षी बघता का? रात्री फोन उचलता का? जे हो म्हणतील त्यांचा नंबर पिंजऱ्यावर चिकटवा. सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, गुंतागुंतीच्या आजाराला तिथं जाता येईल, पण रक्त वाहत असताना तेवढा प्रवास नको. आणि नंबराशेजारी एक डबी ठेवा: कॉर्नफ्लोअर, गॉज, सुती रुमाल, छोटा टॉर्च. ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा असेल तर पक्ष्याचं आजचं वजनही त्या चिठ्ठीवर लिहून ठेवा. फोनवर डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.